हाक पोचत नव्हती: गेम कन्सोल आणि घरचा मीडिया सर्व्हर, आठ महिन्यांनंतर

बाबांनी कॅमकॉर्डरवर चित्रित केलेल्या मिनीडीव्ही कॅसेटी कपाटात पडून होत्या. फिती खराब व्हायच्या आत त्या संगणकावर उतरवायच्या आणि हॉलमधल्या टीव्हीवर सगळ्यांनी एकत्र बसून बघायच्या, एवढीच इच्छा होती. मिनीडीव्हीचं चित्रण सेकंदाला २५ मेगाबिट वेगाने साठवलेलं असतं, म्हणजे तासाभराची एक कॅसेट साधारण १३ जीबी जागा घेते. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, त्यामुळे पेनड्राइव्हची ने-आण पहिल्याच दिवशी बाद झाली. टीव्हीला आधीपासून एक जुना गेम कन्सोल जोडलेला होता आणि तो डीएलएनए, म्हणजे एका यंत्रातले व्हिडिओ घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर दाखवण्याची पद्धत, समजत होता. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, त्यावर मिनीडीएलएनए हा फिती वाटणारा प्रोग्राम बसवला, बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि सर्व्हर तयार झाला.

पहिला आठवडा सुरेख गेला. कन्सोलच्या व्हिडिओ विभागात सर्व्हरचं नाव आपोआप यायचं. आत फोल्डर, फोल्डरात वर्षांनुसार फिती. कुठेही पत्ता टाकावा लागला नाही, पासवर्ड नाही. डीएलएनए ही संघटना २००३ साली निघाली आणि २०१७ मध्ये बंदही झाली, पण तिने घालून दिलेली पद्धत अजून हजारो उपकरणांत चालू आहे. त्या आठवड्यात मला तिचं मनापासून कौतुक वाटलं, आणि आजही वाटतं.

मग सर्व्हर दिसेनासा झाला.

हा भाग सविस्तर लिहिते, कारण यात माझे जवळपास तीन आठवडे गेले आणि नेमकी हीच तक्रार पुष्कळांची असते. लक्षण असं होतं: सर्व्हर रीस्टार्ट केला की कन्सोलवर नाव लगेच यायचं. चार-पाच मिनिटांनी यादी पुन्हा उघडली तर नाव गायब. धाकटा भाऊ हॉलमधून ओरडायचा, "ताई, परत गेला गं!" मी आत जाऊन रीस्टार्ट करायची, नाव यायचं, पुन्हा जायचं. मी सर्व्हर काढून नव्याने बसवला. कन्सोल फॅक्टरी रीसेट केला आणि त्यात भावाच्या एका खेळाची जतन केलेली प्रगती गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. केबल बदलली. कशानेही फरक पडला नाही.

शेवटी हातातलं सगळं थांबवून काय होतंय ते नीट पाहिलं, तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, नाव दिसत असताना चित्रफीत सुरू केली तर ती तासभर न अडखळता चालायची, मध्ये कधीच तुटायची नाही. दुसरी, कन्सोलवर नाव नसतानाही दुसऱ्या एका लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि ८२०० हा पोर्ट (त्या प्रोग्रामच्या दाराचा क्रमांक) टाकला की मिनीडीएलएनएचं पान उघडायचं आणि किती व्हिडिओ, किती फोटो आहेत ते दाखवायचं. तिसरी, त्याच वेळी त्या दुसऱ्या लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर उघडून स्थानिक नेटवर्कवरची यूपीएनपी (यंत्रांनी एकमेकांना शोधण्याची पद्धत) यादी पाहिली तर तिथेही सर्व्हर नव्हता. म्हणजे कन्सोल निर्दोष होता. सर्व्हर जिवंत होता. फायली पोचवणारा रस्ताही मोकळा होता. बिघाड होता तो फक्त एकमेकांना शोधण्यात.

आठ महिन्यांत मी जे शिकले त्याचा गाभा इथे आहे. डीएलएनएत दोन वेगळी कामं चालतात आणि ती दोन वेगळ्या वाटांनी चालतात. पहिलं काम दवंडीचं. "कोणी मीडिया सर्व्हर आहे का?" अशी हाक कन्सोल सगळ्या घराला उद्देशून घालतो. ही हाक यूडीपी नावाच्या पद्धतीने २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या, पत्त्याच्या १९०० पोर्टवर जाते. सर्व्हर ती ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते सांगतो. दुसरं काम देवाणघेवाणीचं: पत्ता कळल्यावर कन्सोल साध्या एचटीटीपीने थेट सर्व्हरशी बोलतो, यादी मागतो, फाइल मागतो. यात दवंडीचा काही संबंध उरत नाही. म्हणूनच सुरू झालेली फीत कधी तुटत नव्हती, आणि नवीन शोध मात्र लागत नव्हता.

आता दवंडी कुठे अडकत होती? पहिल्या आठवड्यानंतर वायरिंग नीटनेटकं करायला मी एक सेटिंग करता येणारा स्विच, म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा, आणला होता. त्यात आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय मुळातच चालू होती. मल्टिकास्ट सरसकट सगळ्या पोर्टांवर (इथे पोर्ट म्हणजे स्विचच्या केबल लावायच्या खाचा) पाठवण्याऐवजी ज्यांनी "आम्हाला ऐकायचंय" अशी नोंद केली आहे त्यांच्याकडेच ते पाठवायचं, हे तिचं काम. सर्व्हर सुरू होताना ही नोंद करतो. पण ती कायमची नसते. नेटवर्कमध्ये कोणीतरी, सहसा राउटर, ठरावीक वेळाने "अजून ऐकताय ना?" असं विचारत राहावं लागतं. या विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. नेहमीच्या हिशेबाने दर १२५ सेकंदांनी विचारणा होते आणि २६० सेकंदांत उत्तर आलं नाही तर नोंद पुसली जाते. माझ्या घरच्या राउटरमध्ये क्वेरियर नव्हता. कोणी विचारत नव्हतं, म्हणून सर्व्हर उत्तर देत नव्हता, आणि सव्वाचार मिनिटांनी स्विच त्याचं नाव यादीतून काढून टाकत होता. त्यानंतर कन्सोलने कितीही हाका मारल्या तरी त्या स्विचवरच थांबत. सर्व्हर रीस्टार्ट केला की नवी नोंद, पुन्हा सव्वाचार मिनिटं.

स्विचमध्ये स्नूपिंग बंद केलं. त्या दिवसापासून सर्व्हर एकदाही गायब झालेला नाही. कारण कळलं तेव्हा मी स्विचच्या सेटिंगच्या पानाकडे बराच वेळ नुसती बघत बसले होते, इतका आनंद झाला होता. एक सावधगिरी मात्र: घरात आयपीटीव्ही (इंटरनेटच्या जोडणीवरून येणाऱ्या टीव्ही वाहिन्या) असेल तर स्नूपिंग बंद करू नका, नाहीतर वाहिन्यांचा सगळा प्रवाह प्रत्येक पोर्टवर आणि वायफायवरही सांडेल. अशा घरात स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये क्वेरियर चालू करणं हा बरोबर उपाय.

एकदा दवंडी आणि देवाणघेवाण वेगळी ओळखता आली की पुढचे बिघाड मला पाच-दहा मिनिटांत सापडू लागले. तिसऱ्या महिन्यात सर्व्हरच्या लॅपटॉपवर फायरवॉल चालू केली आणि सर्व्हर कन्सोलवर उघडेना. १९०० मोकळा होता, म्हणजे दवंडी पोचत होती, अडलं होतं ते दुसरं काम. एचटीटीपी ज्यावरून चालतं त्या टीसीपीचा ८२०० पोर्ट उघडायचा राहिला होता. काही दिवसांनी अगदी तेच लक्षण पुन्हा दिसलं, पण या वेळी फायरवॉल नीट होती. लॅपटॉपवर व्हीपीएन बसवला होता आणि सर्व्हर स्वतःचा पत्ता म्हणून व्हीपीएनच्या आभासी जोडणीचा पत्ता सांगत होता. तिथे कन्सोलला पोचणं शक्यच नव्हतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कोणती जोडणी वापरायची ते एका ओळीत लिहून दिलं आणि प्रश्न मिटला. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवण्याच्या सोयीत, सर्व्हर चालवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, कारण डॉकरचं आतलं जाळं वेगळं असतं. तिथे कंटेनरला होस्ट नेटवर्क, म्हणजे मूळ यंत्राचंच जाळं, द्यावं लागतं.

घरात दोन राउटर असतील, एक इंटरनेटवाल्यांचा आणि एक आपला, आणि दोघेही पत्ते वाटत असतील, तर एकाच्या जाळ्यातली हाक दुसऱ्याच्या जाळ्यात जात नाही. आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा म्हणून, चालवा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर कन्सोल जोडला असेल तरी हेच होतं, ते जाळं मुद्दामच वेगळं ठेवलेलं असतं.

आणखी एक गैरसमज मला फार ठिकाणी दिसतो, तो इथेच दूर करते. कन्सोलच्या नेटवर्क तपासणीत नॅटचा (घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवण्याच्या पद्धतीचा) प्रकार "कडक" आला की लोक त्याच्या मागे लागतात, राउटरमधलं यूपीएनपी चालू-बंद करतात, पोर्ट फॉरवर्ड करतात. त्याचा संबंध बाहेरच्या खेळाडूंशी जोडलं जाण्याशी आहे. राउटरमधलं यूपीएनपी म्हणजे बाहेरून आत येणारं दार उघडण्याची सोय, आणि घरातला मीडिया सर्व्हर सापडणं ही वेगळी गोष्ट, दोन्हींच्या नावात यूपीएनपी आहे एवढंच. माझ्या राउटरमध्ये ते सुरक्षिततेसाठी बंद आहे आणि सर्व्हर उत्तम चालतो. मीडिया सर्व्हरसाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड तर मुळीच करू नका. मिनीडीएलएनए पासवर्ड विचारत नाही, घरातल्या फिती जगासमोर उघड्या पडतील.

फाइल दिसते पण "हा प्रकार चालत नाही" असं येतं, ही तक्रार मी जोडणीच्या तक्रारींत धरत नाही. तिथे नेटवर्कने आपलं काम केलेलं असतं. कॅमेऱ्यातून उतरवलेल्या मूळ डीव्ही फायली माझ्या कन्सोलने घेतल्याच नाहीत. त्या एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेल्या एमपी४ मध्ये बदलल्या. डीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एक आड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं, त्यामुळे रूपांतर करताना डीइंटरलेस करायला विसरू नका, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. पहिल्या चार फिती मी तशाच केल्या होत्या, त्या पुन्हा कराव्या लागल्या. चित्र येतं पण आवाज येत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा आवाज डीटीएसमध्ये असतो. मग चित्राला हात न लावता फक्त आवाज एसी-३ मध्ये बदलून घ्यायचा. चित्र नव्याने तयार करावं लागत नसल्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही हे काम काही मिनिटांत होतं. मूळ फायली मात्र मी पुसल्या नाहीत, त्या वेगळ्या डिस्कवर आहेत.

सहाव्या महिन्यात घरात नवीन कन्सोल आला आणि त्यात डीएलएनएच नव्हतं. घेण्याआधी हे तपासून बघा असं मी कळकळीने सांगेन, कारण नव्या यंत्रात जुनी सोय असेलच हे गृहीत धरता येत नाही. प्लेस्टेशन ३ ला ही सोय २००७ च्या अपडेटमध्ये मिळाली, प्लेस्टेशन ४ साठी २०१५ मध्ये वेगळं मीडिया प्लेयर अ‍ॅप आलं, आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ती अंगभूत नाही. अशा वेळी प्लेक्स किंवा जेलीफिनसारख्या सर्व्हरचं अ‍ॅप आपल्या कन्सोलवर मिळतं का ते बघायचं. आमच्यावर जेलीफिनचं मिळालं. याचा मोठा गुण असा की सर्व्हरचा पत्ता आणि ८०९६ हा पोर्ट हाताने टाकता येतो. दवंडीवर अवलंबून राहायचं कारणच नाही. फक्त सर्व्हरचा पत्ता बदलता कामा नये, म्हणून राउटरमध्ये तो पत्ता लॅपटॉपसाठी राखून ठेवला.

दोन महिने दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवल्यावर माझं मत असं झालं आहे: नवं घर बसवत असाल तर अ‍ॅपचीच वाट धरा. फीत अर्धी राहिली तर जेलीफिन तिथूनच पुढे सुरू करतो, जुन्या कन्सोलच्या डीएलएनएत ते लक्षात राहत नव्हतं. कन्सोलला न चालणारी फाइल तो वाटेतच रूपांतरित करून देतो. अर्थात त्यात सर्व्हरच्या प्रोसेसरवर ताण येतो, आमचा लॅपटॉप मोठ्या फायलींना धापा टाकतो, म्हणून मी फायली आधीच एच.२६४ मध्ये करून ठेवते. डीएलएनए हलकं आहे, जुन्या यंत्रांना चालतं आणि एकदा बसलं की विचारपूस मागत नाही. आईच्या खोलीत आता जुना कन्सोल आहे आणि तिला तोच सोपा वाटतो, दोन बटणांत फिती समोर येतात.

वेगाची काळजी मला वाटली होती तेवढी करावी लागली नाही. ब्लू-रेच्या चित्राचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ४० मेगाबिट असतो, म्हणजे साध्या १०० मेगाबिटच्या केबललाही तो पेलतो. गर्दीतलं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मात्र त्यालाही पुरलं नाही. कन्सोलला केबल जोडली आणि अडखळणं संपलं.

दोन बारीक त्रास अजून आहेत. बाहेरची डिस्क वापरात नसली की झोपते आणि पहिली फीत उघडताना जागी व्हायला इतका वेळ घेते की कन्सोल कंटाळून चूक दाखवतो. दुसऱ्यांदा दाबलं की चालू होते. डिस्कची झोप बंद करता येते, पण ती रात्रभर फिरत राहावी असं मला वाटत नाही, म्हणून हे चालवून घेतलंय. दुसरा त्रास, नवीन टाकलेल्या फायली मिनीडीएलएनएच्या यादीत कधीकधी येत नसत. जुन्या लिनक्स कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मुळातल्या सेटिंगप्रमाणे एका वापरकर्त्याला ८१९२ फोल्डरांवरच लक्ष ठेवता येतं. त्या डिस्कवर आमचे वर्षानुवर्षांचे फोटोही आहेत आणि फोल्डरांची संख्या केव्हाच पुढे गेली होती. मर्यादा वाढवली तेव्हापासून बऱ्याच अंशी ठीक आहे, तरी मोठी भर टाकली की मी पूर्ण यादी नव्याने बनवायला लावते.

कपाटात अजून नऊ कॅसेटी उरल्या आहेत. त्यातल्या दोनांवर बुरशी दिसते, त्या जाणकार माणसाकडून साफ करून घेतल्याशिवाय कॅमेऱ्यात घालणार नाही. बाकीच्या सात रोज रात्री एक अशा उतरवतेय.