थ्री रो म्हणून विकलेला टू रो रेडिएटर

रेडिएटरची वरची टाकी गॅसवर सोडवली आणि हेडर प्लेट, म्हणजे नळ्यांची तोंडं जिच्यात बसवतात ती पट्टी, उघडी पडली. (रो म्हणजे नळ्यांची रांग.) पुढच्या रांगेत नळ्यांची ४० तोंडं, मागच्या रांगेत ४० तोंडं, आणि मधल्या रांगेत सोल्डरचे ४० चकचकीत ठिपके. प्लेटला भोकं तीन रांगांची पाडलेली, नळ्या दोनच रांगांच्या. मधली भोकं डाग देऊन बंद केलेली, वर काळा रंग मारलेला. माल 'थ्री रो, फुल कॉपर, नवा' म्हणून १४,५०० रुपयांना विकलेला.

गाडी १९७८ची ॲम्बेसेडर, मार्क-३. मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन उतरवून इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट बसवलेलं. हे इंजिन पुढे कारखान्यानेच ॲम्बेसेडरमध्ये दिलं होतं, म्हणून जुन्या गाड्यांना ते बसवायचा मोह सगळ्यांना होतो आणि बसतंही नीट. (आरटीओची आगाऊ परवानगी, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, हा वेगळा विषय. पण ती हातात आल्याशिवाय इंजिन उतरवू नका.) जुना रेडिएटर मात्र या इंजिनाला पुरत नाही. मूळ इंजिन ५० हॉर्सपॉवरच्या आसपासचं, हे ७५च्या. ढोबळ हिशेब असा, की पेट्रोल इंजिन जेवढी ताकद चाकांकडे पाठवतं, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. म्हणजे घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना जिथे ३७ किलोवॅट बाहेर टाकायचे होते, तिथे आता ५६ टाकायचे.

इथे दुकानदाराचं काम सोपं होतं. गिऱ्हाइकाला 'जास्त रांगा म्हणजे जास्त थंड' एवढंच ठाऊक असतं, आणि रांगा बाहेरून दिसत नाहीत. समोरून बघा, पहिल्या रांगेच्या नळ्या दिसतात. मागून बघा, शेवटच्या. मधली रांग त्यांच्या बरोबर आड असते आणि फिन (नळ्यांमधली पातळ पत्र्याची घडी) पूर्ण जाडीची असल्याने बाजूनेही काही कळत नाही. टेपने मोजलं तर जाडी थ्री रोचीच भरते. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांची रांग लागलेली आहे आणि त्यांतली बरीचशी चोख माल देतात. या दुकानात मात्र टाकीवर टिचकी मारून दाखवली गेली, "साहेब, पितळ आहे, आवाज ऐका. डोळे झाकून न्या." नेलाही तसाच.

टाकी पितळेचीच होती, त्यात खोटं काही नव्हतं. लोहचुंबक लावला असता तरी चिकटला नसता. पत्र्याच्या टाकीवर रंग मारून पितळ म्हणून विकणाऱ्यांना चुंबक पकडतो, मधली रांग खाणाऱ्याला नाही. वजनाचंही तसंच. अशा ४० नळ्यांचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, आणि जाड टाकी न् सढळ सोल्डर यांत ते सहज भरून निघतं.

गाडीने पहिले दोन आठवडे तक्रार केली नाही. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये काटा ८८ अंशांवर. मग एप्रिलात चार माणसं बसवून सासवडला जायला निघाली, आणि वडकी नाला सोडून दिवे घाट चढायला लागल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये निम्म्या घाटात १०६, आणि रेडिएटरच्या कॅपखालून पाणी बाहेर. यानंतरचा खर्च बघण्यासारखा आहे. पहिल्यांदा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, मग वॉटर पंप बदलला, मग इंजिनाचं हेड उघडून त्याखालचं गॅस्केट. कशानेही फरक पडला नाही. रेडिएटर नवा, तोही थ्री रो, त्यामुळे संशय त्याच्याकडे गेलाच नाही. फसवणुकीतला खरा तोटा हा असतो, १४,५०० हा त्यातला लहान भाग.

लक्षणं नीट वाचली असती तर हेड उघडायची वेळ आली नसती. उभ्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर थंड होते, तर दोष हवेचा: फॅन, फॅन बेल्ट, किंवा श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं हवा वळवणारं आवरण, नसणं. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात आणि होज (पाण्याचा रबरी नळ) दगडासारखा टणक होतो, तर हेड गॅस्केट. ट्रॅफिकमध्ये ठीक, सपाटीवर ठीक, फक्त चढावर लोड आला की तापते, तर जाळी, म्हणजे रेडिएटरचा नळ्या-फिनचा भाग, कमी पडते आहे किंवा पाणी कमी फिरतं आहे. आणि थर्मोस्टॅट काढून गाडी 'बरी' करणाऱ्या मिस्त्रीला हात जोडावेत. त्याने सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि घाटात जे तापायचं ते तापतंच.

शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटरने संशय जागेवर आणला. इंजिन गरम, फॅन फिरतो आहे, आरपीएम २,५००. वरच्या आणि खालच्या टाकीत फरक जेमतेम ३ अंश. इंजिन तापत चाललेलं असताना एवढा कमी फरक म्हणजे पाणी जोरात फिरतं आहे, पण उष्णता सोडत नाही. उलट फरक २० अंशांच्या वर गेला असता तर नळ्या चोंदल्यात किंवा पंप ढिला आहे असं धरलं असतं. हे यंत्र उघड्या चकचकीत पितळेवर धरलं तर तापमान कमी दाखवतं. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची आणि टेपवर मोजायचं.

त्याच वेळी कॅपही तपासली. तिचं काम दाब धरून उकळी लांबवणं. वर ०.९ बार छापलेलं, टेस्टरवर ०.३ बारलाच उघडली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. खरी ०.९ची कॅप तो आकडा ११८च्या आसपास नेते, ही ०.३ची १०६वर सोडून देते. दिवे घाटात काटा १०६वर असताना पाणी बाहेर आलं, ते याच कॅपमुळे. रेडिएटरसोबत 'फ्री' मिळालेली कॅप वापरूच नये. पण खऱ्या कॅपने फक्त उकळी लांबते, उष्णता तेवढीच राहते.

आता दुकानात, पैसे देण्याआधी काय करायचं ते. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा घ्या, साडेपाच मिलिमीटर जाडीचा. इनलेटच्या, म्हणजे वरच्या होजच्या, तोंडातून तो आत घालून हेडर प्लेटवर फिरवा. चपट्या फटी दिसल्या पाहिजेत, एकामागे एक तीन. फटीच्या जागी गुळगुळीत ठिपका दिसला की ती नळी नाही. कॅपच्या तोंडातून बघायला गेलात तर काही रेडिएटरमध्ये आडवी पट्टी मध्ये येते, म्हणून इनलेट. दुकानदाराने "कॅमेरा कशाला, विश्वास नाही का?" असं विचारलं तर त्याला बोलू द्या, कॅमेरा फिरवत राहा.

कॅमेरा नसेल तर पाणी मोजा. आउटलेटला रबरी बूच लावा, रेडिएटर सरळ उभा करा, लिटरच्या मापाने पाणी ओता, आणि वरून दिसणाऱ्या हेडर प्लेटला पाणी टेकलं की थांबा. यातून खालच्या टाकीचं माप (बाहेरून लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची) वजा करा, उरलं ते जाळीतलं पाणी. या गाडीच्या जाळीत एका रांगेला ४० नळ्या, उंची ४०० मिलिमीटर, नळी बाहेरून १३ बाय २, आतली पोकळी सुमारे २० चौरस मिलिमीटर. म्हणजे एका रांगेत ३२० मिलिलिटर, तीन रांगांत ९६० व्हायला हवं. भरलं साडेसहाशे. टाकीचं माप थोडं चुकलं तरी ३२० मिलिलिटरचा खड्डा लपत नाही.

त्याहून बरा मार्ग म्हणजे तयार माल न घेता जाळी बनवून घेणं, आणि बनवणाऱ्याला आधीच सांगणं, की वरची टाकी लावण्यापूर्वी बोलवा. उघड्या हेडरचा फोटो काढायचा, नळ्या मोजायच्या, मग समोर टाकी सोल्डर करून घ्यायची. नंतर रेडिएटरमध्ये १ बार हवा भरून तो पाण्याच्या हौदात दहा मिनिटं बुडवून बुडबुडे बघायचे. या गाडीला शेवटी असंच केलं. एक गोष्ट इथे मोकळेपणाने सांगायला हवी: रांगांचं एवढं वेड बरं नाही. तिसऱ्या रांगेला मिळते ती पहिल्या दोन रांगांनी तापवलेली हवा, त्यामुळे तिचा उपयोग पहिलीएवढा कधीच नसतो. ग्रिलच्या चौकटीत जागा असेल तर आधी जाळीची रुंदी-उंची वाढवा, मग जाडी. फिन इंचाला १२च्या आसपास ठेवा. १६-१८ सांगणारा जास्त देतोय असं वाटतं, पण आपल्या धुळीत त्या वर्षभरात बुजतात आणि बेल्टवरच्या फॅनला त्यातून हवा ओढवत नाही.

स्वॅपमध्ये, म्हणजे असं इंजिन बदलताना, आणखी दोन मापं चुकतात. फॅन आणि जाळी यांत किमान २५ मिलिमीटर ठेवा, कारण जोरात ब्रेक मारला की इंजिन रबर माउंटिंगवर पुढे झुकतं आणि पातं जाळीत घुसतं. आणि होजची तोंडं नव्या इंजिनाच्या बाजूंनुसार करून घ्या, व्हर्निअरने मापून. ३२च्या तोंडावर ३८चा होज क्लिप आवळून बसवला तर तो घाटातच सुटतो.

नव्या जाळीने, त्याच चौघांना घेऊन, त्याच दिवे घाटात काटा ९४च्या वर गेला नाही.

पैशांचं मात्र अवघड झालं. दुकानाने दिलेला कागद 'एस्टिमेट' असं छापलेला, आणि त्यावर एकच ओळ: 'रेडिएटर रिपेअर, मजुरीसह.' नवा, कॉपर, थ्री रो यांतला एकही शब्द नाही. दुकानदाराचं म्हणणं, आम्ही विकलाच नाही, तुमचाच दुरुस्त करून दिला. म्हणून जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर 'नवीन, तीन रांगा, तांब्याची जाळी, एका रांगेत इतक्या नळ्या' असं लिहून घ्या, आणि पैसे यूपीआयने द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. या प्रकरणात हाताशी आहे ते यूपीआयची नोंद, 'थ्री रो फुल कॉपर ₹१४,५००' असा दुकानदारानेच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, आणि ४० ठिपक्यांची ती हेडर प्लेट. जुनी जाळी मोडीत दिलेली नाही, प्लेटसकट गोणीत बांधून ठेवली आहे.