एलिमेंटरी की गोदाघाटावरची वही?

लेक आठवीत, हातात सतत पेन्सिल. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेला बसवावं की कोरी वही देऊन रविवारी नाशिकच्या घाटावर न्यावं?

परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, हात बसतो. पुढे इंटरमिजिएट या वरच्या परीक्षेची ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण. पण माझ्या स्मरणचित्रातली जत्रा आणि शेजारच्या बाकावरची जत्रा फुगेवाल्यासकट एकच होती. क्लासमध्ये घोटून घेतलेली ना!

मी लहानपणी घाटावर नारोशंकराचं देऊळ काढताना एक पायरी वाकडी गेली. खोडरबर नव्हतं, म्हणून तिच्यावर ओलं धोतर वाळत घातलं. आई म्हणाली, "हे तर आबांचं!" आबा तेव्हा नुकतेच गेले होते. ते पान अजून कपाटात आहे. प्रमाणपत्र कुठे गेलं कुणास ठाऊक.

परीक्षा देऊ देत, पण नववीत. आधी वही.