जीमेल ब्राउझरवर: सुधारणा कामाच्या झाल्यात, पण जागेचं काय?

मी जीमेल जास्त करून कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्येच वापरते. मोबाईलवर आलेला मेल वाचायला ठीक आहे, पण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतल्यापासून नोटिसा, मेंटेनन्स बिलावरच्या तक्रारी, लिफ्टवाल्याचं एएमसीचं कोटेशन, ऑडिटरला पाठवायचे कागद, हे सगळं एकाच जीमेल अकाउंटवरून चालतं आणि ते काम फोनच्या छोट्या स्क्रीनवर होत नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त वेबवरच्या जीमेलचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: गेल्या काही वर्षांत ज्या सुधारणा झाल्यात त्यातल्या साध्या साध्या आहेत त्याच सोन्यासारख्या आहेत, आणि ज्यांचा गाजावाजा झाला त्यांच्यावाचून माझं काही अडत नाही. आणि एक गोष्ट मात्र सुधारायच्या ऐवजी बिघडलीये, ती म्हणजे जागा, मेल साठवायचं स्टोरेज. त्यावर शेवटी सविस्तर लिहिते कारण लोकांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतोय.

पहिला नंबर अन्डू सेंडचा, म्हणजे सेंड दाबल्यावर काही सेकंदांत मेल थांबवायची सोय. हे २००९ साली जीमेल लॅब्जमध्ये प्रयोग म्हणून आलं आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी रीतसर सुरू झालं, तरी अजून कितीतरी जणांना माहीत नाही की ती वेळ वाढवता येते. मूळ सेटिंग फक्त ५ सेकंदांचं असतं, ५ सेकंदात माणसाला चूक लक्षात येईपर्यंत ती पट्टी गायब झालेली असते. सेटिंग्जमध्ये जनरल टॅबमध्ये जा, अन्डू सेंडसमोर ३० सेकंद निवडा, आणि खाली जाऊन सेव्ह चेंजेस दाबा (ते बटण पार तळाला आहे, बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत आणि मग म्हणतात सेटिंग बदलत नाही). हे चालतं कसं ते पण समजून घ्या, गेलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्समधून परत ओढून आणता येत नाही, जीमेल तो मेल तेवढे सेकंद स्वतःकडे धरून ठेवतं आणि मगच सोडतं. म्हणून ३० सेकंद संपले की विषय संपला. आमचे खजिनदार काका एकदा माझ्या शेजारी बसून थकबाकीची यादी पाठवत होते, बीसीसीच्या जागी (तिथे टाकलेले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत) सगळ्या सभासदांचे पत्ते टू मध्ये टाकलेले, वर फाईल पण भलतीच, नावांसकट पूर्ण थकबाकीची. सेंड दाबलं, चष्मा वर केला, आणि "अगं थांब थांब" म्हणेपर्यंत डाव्या कोपऱ्यात खाली अन्डू दिसत होतं म्हणून वाचलो, नाहीतर त्या मेलवरून पुढची सर्वसाधारण सभा पूर्ण भांडणात गेली असती. ही एक सोय जरी असती आणि बाकी काही नसतं तरी मी जीमेलच वापरलं असतं.

दुसरं शेड्यूल सेंड. १ एप्रिल २०१९ ला, जीमेलला १५ वर्षं झाली त्या दिवशी हे आणलं. सेंडच्या निळ्या बटणाला लागून छोटा बाण आहे, तो दाबला की तारीख आणि वेळ देता येते. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला लागते, आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे गणपतीच्या धामधुमीत नोटीस पाठवायची राहून जाणं हे सोसायट्यांमध्ये नेहमीचंच. मी आता अजेंडा चेअरमनकडून मंजूर करून घेतला की त्याच रात्री मेल तयार करते आणि सकाळी ९ ची वेळ लावून ठेवते. डाव्या बाजूला शेड्यूल्ड म्हणून फोल्डर दिसतो, त्यात जाऊन शेवटच्या क्षणापर्यंत बदल करता येतो, रद्द करता येतो. कॉम्प्युटर बंद असला तरी मेल जातो, कारण तो आपल्या मशीनवर नाही, त्यांच्या सर्व्हरवर थांबलेला असतो. पाठवण्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवा, फुकटच्या अकाउंटवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतो. आमच्यासारख्या दोन विंगच्या सोसायटीला भरपूर झालं, मोठ्या टाऊनशिपला पुरणार नाही.

आता जे कोणीच वापरत नाही आणि प्रत्येक सोसायटीने, मंडळाने, ट्रस्टने वापरायला पाहिजे ते सांगते. डेलिगेशन. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या टॅबमध्ये 'ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट' असं आहे, तिथे दुसऱ्याचा जीमेल पत्ता टाकला की तो माणूस स्वतःच्याच लॉगिनने सोसायटीचे मेल वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. साध्या अकाउंटला १० जणांपर्यंत देता येतं. नाहीतर आपल्याकडे काय असतं, पासवर्ड एका वहीच्या मागच्या पानावर, तो जुन्या कमिटीतल्या तिघांना माहीत, त्यातले एक फ्लॅट विकून गेले, आणि दोन टप्प्यांच्या व्हेरिफिकेशनचा ओटीपी जातोय चौथ्याच कोणाच्या नंबरवर. नवीन कमिटी आली की पहिला महिना लॉगिन मिळवण्यात जातो. डेलिगेशन लावलं तर खजिनदार बदलला की एक नाव काढायचं, दुसरं घालायचं, बस. हे सेटिंग कॉम्प्युटरवरूनच करावं लागतं, मोबाईल ॲपमध्ये शोधत बसू नका.

लेबल आणि फिल्टर जुनेच आहेत पण ज्यांनी हॉटमेल किंवा याहूच्या काळापासून फोल्डरची सवय लावून घेतलीये त्यांना अजून पटत नाहीत. फोल्डरमध्ये मेल एकाच ठिकाणी राहतो, लेबल मात्र एका मेलला तीन लावा, चार लावा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा गळतीचा मेल आला की त्याला 'गळती' पण लागतं, 'बी विंग' पण लागतं आणि प्लंबरचं बिल त्यात असेल तर 'खर्च' पण. लेबलची नावं मराठीत सरळ देता येतात, काही प्रॉब्लेम येत नाही. सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाला रेघांचं चिन्ह आहे ते दाबून पाठवणाऱ्याचं नाव, विषय वगैरे भरून क्रिएट फिल्टर केलं की पुढचे मेल आपोआप लेबल लागून येतात. एकदा रविवारी दुपारी बसून करा, वर्षभराची डोकेदुखी जाते.

इनबॉक्सच्या वरचे टॅब २०१३ मध्ये आले, प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स, अपडेट्स वगैरे. यावर लोकांची तक्रार ऐकते की महत्त्वाचे मेल भलत्याच टॅबमध्ये जाऊन पडतात, आणि हे होतं खरं, बँकेचं किंवा वीजबिलाचं पत्र अपडेट्समध्ये असतं आणि आपण प्रायमरी बघत बसतो. उपाय सोपा आहे, तो मेल माऊसने धरून प्रायमरीवर सोडायचा, मग खाली विचारतं की या पत्त्यावरचे पुढचे मेल पण इथेच ठेवू का, हो म्हणायचं. किंवा टॅबच बंद करून टाका. प्रमोशन्समध्ये मेलसारख्याच दिसणाऱ्या जाहिराती असतात त्या मला अजिबात आवडत नाहीत, वयस्कर माणसं त्या मेल समजून उघडतात. मेलमधला मजकूर वाचून त्यावरून जाहिराती दाखवणं गूगलने २०१७ मध्ये बंद करायचं जाहीर केलं हे चांगलंच झालं, पण जाहिरात मेलच्या रांगेत नको, बाजूला असू दे.

नको असलेल्या मेलच्या बाबतीत खरी मोठी सुधारणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि ती स्क्रीनवर दिसत नाही म्हणून तिची कोणी दखल घेतली नाही. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्या कंपन्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सगळं लावणं सक्तीचं केलं, म्हणजे मेल खरंच त्या कंपनीकडूनच आलाय हे तपासता येतं, आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब द्यायला लावलं, ते पण दोन दिवसांत अमलात आणायचं. आधी काय व्हायचं, अनसबस्क्राइब दाबलं की वेगळं पान उघडायचं, तिथे लॉगिन करा, कारण सांगा, पाच चौकटींवर टिक करा, मग मनुष्य कंटाळून सोडून द्यायचा. २०२५ मध्ये तर डावीकडच्या मेनूत मॅनेज सबस्क्रिप्शन्स नावाचं पानच दिलंय, कोण किती मेल पाठवतंय त्याची यादी आणि शेजारी अनसबस्क्राइबचं बटण. चहा होईपर्यंत अर्धी यादी साफ होते. ज्यांनी अजून उघडून बघितलं नाही त्यांनी आज बघा.

मराठीत लिहायला इनपुट टूल्स आहेत, सेटिंग्जमध्ये भाषेच्या इथे चालू करायचं, मग इंग्रजी अक्षरात टाईप करून स्पेस दाबली की देवनागरी उमटतं, आणि ज्यांना इन्स्क्रिप्ट येतं त्यांच्यासाठी तो कीबोर्ड पण आहे. मी नोटिसा अशाच लिहिते. पण ते ग्रे अक्षरात पुढचे शब्द सुचवणारं स्मार्ट कंपोज, जे २०१८ मध्ये आलं, ते मराठीत लिहिताना मदतीला येत नाही. इंग्रजीत दोन ओळींच्या उत्तराला बरं आहे, बाकी मला त्याची गरज वाटलेली नाही. कॉन्फिडेन्शियल मोड पण तसाच, फॉरवर्ड आणि प्रिंट बंद होतं पण स्क्रीनचा फोटो काढायला कोण अडवणार, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. स्नूझ मात्र वापरा, ज्या मेलचं काम सोमवारी आहे तो सोमवारी सकाळी परत वर येतो.

एक सोय काढून घेतली त्याचं वाईट वाटतं. बेसिक एचटीएमएल व्ह्यू, जो जुन्या मशीनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवर सुद्धा उघडायचा, तो २०२४ मध्ये बंद केला. आत्ताचं जीमेल जड आहे, जुन्या लॅपटॉपवर उघडायला वेळ घेतं. गावाकडे जिथे रेंज येते जाते तिथे तो साधा व्ह्यू म्हणजे आधार होता. ऑफलाइनची सोय आहे, क्रोममध्ये सेटिंग्जमधून चालू होते, पण ती आधी नीट नेटवर असताना लावून ठेवावी लागते, आयत्या वेळी उपयोग नाही.

आणि आता जागा. २००४ मध्ये १ एप्रिलला जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागा देतोय म्हटल्यावर लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं, कारण तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. म्हणणं असं होतं की मेल डिलीट करूच नका, आर्काइव्ह करा, म्हणजे इनबॉक्समधून बाजूला ठेवा, आणि लागेल तेव्हा सर्च करा. २००५ मध्ये २ जीबी झाली, लॉगिनच्या पानावर ती वाढत जाणारी संख्या धावताना दिसायची, ज्यांनी बघितलीये त्यांना आठवत असेल. २०१२ मध्ये १० जीबी. आणि २०१३ मध्ये १५ जीबी म्हणून जाहीर केलं, पण ती फक्त बेरीज होती, मेलचे १० आणि ड्राइव्ह-फोटोंचे ५ एकत्र केले. तेव्हापासून आजपर्यंत फुकटचे १५ ते १५च. त्यात १ जून २०२१ पासून नवीन फोटो सगळे मोजायला लागले, आणि त्यानंतर अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप बॅकअप पण त्याच १५ मध्ये धरायला लागले. म्हणजे घरच्या ग्रुपवर रोज येणारे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आणि तुमच्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर एकाच खोलीत कोंबलेले. आणि ती खोली भरली की नवीन मेल येणं बंद, पाठवणाऱ्याला परत जातो. फोटो अपलोड झाला नाही तर एक वेळ चालेल, मेल थांबला तर माणसाचं काम अडतं. 'डिलीट करू नका' म्हणून सवय लावली आणि आता डिलीट करा नाहीतर पैसे भरा म्हणतात, हे बरोबर नाही. मेलसाठी निदान ५ जीबी वेगळे राखून ठेवा, फोटोंनी कितीही जागा खाल्ली तरी मेल येत राहू दे, एवढी माझी मागणी आहे आणि एक स्टार मी त्यासाठीच कापलाय. पाचपैकी चार.

तोवर जागा करायची तर सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत larger:10m असं सगळं जोडून लिहा. १० एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात. त्यातले लागणारे कागद उतरवून घ्या, बाकीचे उडवा. उडवलेले मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात आणि तोपर्यंत जागा अडवतातच, त्यामुळे ट्रॅश हाताने रिकामा करा. सोसायटीचं अकाउंट असेल तर ते कोणाच्याही स्वतःच्या फोनला बॅकअपसाठी जोडलेलं नाही ना हे आधी तपासा, सेक्रेटरीचे फोटो आणि व्हॉट्सॲप त्यात जात असतील तर आजच बंद करा.