इमॅटिनिब ४००: काही महिने घेतल्यानंतर (आणि त्याआधीचा रिपोर्टांचा घोळ)

इमॅटिनिब या कॅन्सरवरच्या गोळीचा (४०० मिलिग्रॅम) अनुभव लिहायचाय, पण ती सुरू होण्याआधी माझ्या गाठीचं दोनदा बारसं झालं. ते आधी सांगते.

सोनोग्राफीत ओटीपोटात मोठी गाठ, रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) थोडं वाढलेलं. अंडाशयाचाच कॅन्सर धरून ऑपरेशन ठरलं. पोट उघडलं तर दोन्ही अंडाशय ठणठणीत, गाठ लहान आतड्याला चिकटलेली. मग बायोप्सीत आलं लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर. केमोची तारीखसुद्धा मिळाली होती. ऑन्कोलॉजिस्ट म्हणाले, आतड्यावरची गाठ आहे, ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) एकदा परळला टाटात दाखवून घ्या.

लॅबवाले नुसत्या स्लाइड्स (काचेवरचे तयार काप) द्यायला तयार. ब्लॉकसाठी हुज्जत घालावी लागली. नव्या तपासण्यांसाठी काप ब्लॉकमधूनच काढतात, त्यामुळे तो हवाच. प्लॅस्टिकच्या चपट्या चौकटीत मेण आणि त्यात नखाएवढा फिकट तुकडा, बस्स. मेण असल्यामुळे उन्हात तापू द्यायचा नाही. मी पर्समध्ये, पाण्याच्या गार बाटलीशेजारी ठेवून नेला.

तिथे कापांना खास रंग देऊन पेशींतली प्रथिनं तपासली: सीडी-११७ (किट जनुकाचं प्रथिन) आणि डॉग-१ दोन्ही पॉझिटिव्ह, स्नायूचं डेस्मिन निगेटिव्ह. निदान जिस्ट, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीतली एक वेगळ्या जातीची गाठ. लांबट पेशी दिसल्या की पूर्वी अशा गाठी सर्रास स्नायूच्याच समजत. १९९८ साली जपानी संशोधकांनी त्यांच्यातला किट जनुकाचा बिघाड दाखवला, तेव्हा चित्र पालटलं. सीडी-११७ कधीकधी मेलानोमातही पॉझिटिव्ह येतो, म्हणून अशा एकाच तपासणीवर विसंबत नाहीत. आणि सार्कोमाची नेहमीची केमो जिस्टवर जवळजवळ निरुपयोगी! ठरलेल्या तारखेला सलाईन लागलं असतं तर केस गेले असते, गाठीच्या पेशींना मात्र ढिम्म फरक पडला नसता.

आता जिस्टसाठी दिलेली ही गोळी. रोज एक, भरपेट जेवून, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतलीत तर मळमळ ठरलेली; एकादशी मी सोडून दिली. सकाळी पापण्या सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दुपारनंतर गळून जायला होतं. ग्रेपफ्रूट बंद. रक्ततपासणी ठरल्यावेळी करायचीच. एवढं सोडलं तर स्वयंपाक, बाजार, नातवाची शाळा सगळं चालू आहे. धोका जास्त असल्याने तीन वर्षं घ्यायला सांगितलीय.

मी जेनेरिक घेते. मूळ ब्रँडच्या पेटंटचा दावा सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये फेटाळला, तेव्हा हा खर्च झेपतो तरी. तेव्हाच्या बातम्यांत ब्रँड महिन्याला लाखाच्या वर आणि जेनेरिक दहा हजारांच्या आत, असा फरक छापून येत होता.

गोळीला पाचपैकी चार. एक पापण्यांसाठी कापला. सुरू करण्यापूर्वी म्युटेशन टेस्टचं (गाठीतला जनुकाचा बिघाड नेमका कुठे आहे ते बघणारी तपासणी) डॉक्टरांना विचारा. बिघाड किट जनुकाच्या एक्झॉन ९ या भागात असेल तर डोस वाढवावा लागू शकतो, आणि पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकातला डी८४२व्ही हा बदल निघाला तर ही गोळी चालत नाही. माझा एक्झॉन ११ आला, म्हणून ४०० वरच आहे. पुढचा सीटी दिवाळीनंतर.