रुंद रिमच्या नावाखाली मला फसवलं, तुम्ही तरी टायर काढून मोजा

लाज वाटत होती म्हणून चार महिने गप्प बसलो. आता लिहितोय, कारण मला सायकलची चाकं विकून फसवणारा तोच माणूस तसल्याच चाकांचे तेच फोटो लावून पुन्हा विकायला बसलाय.

दोन महिन्यांचा अख्खा पगार आणि वर नऊ दिवसांचा. एवढे पैसे मी चाकांच्या एका जोडीसाठी मोजले, तीन हप्त्यांत, तिन्ही आगाऊ. कबूल केलं होतं ते असं: कार्बनची रिम (टायर जिच्यावर बसतो ती चाकाची कडी), खोली 50 मिमी, आतली रुंदी 21 मिमी, बाहेरची 30, जोडीचं वजन 1,450 ग्रॅम, आणि सपाटीवर ताशी 4 किलोमीटर जास्त वेग. मिळालं ते असं: अ‍ॅल्युमिनियमची साधी रिम, तिच्यावर चिकटवलेलं कार्बनचं पातळ कवच, आतली रुंदी 17, बाहेरची 23, वजन 1,912 ग्रॅम. 462 ग्रॅम जास्त! हाताने उचलून हा फरक नेमका कळत नाही. चाक काट्यावर ठेवा, तेही टायर-ट्यूब काढून.

मी नवखा नाही. अकरा वर्षं सायकल चालवतोय, आरे ताणून चाक सरळ करणं घरीच करतो. तरी फसलो, कारण तो बोलत होता त्यातलं बहुतेक खरं होतं. सारख्याच हवेवर रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आखूड आणि आडवा होतो, टायर कमी दबतो, रबर कमी मुरडतं, ताकद कमी वाया जाते. खडबडीत रस्त्यावर थोडी कमी हवा ठेवलेला रुंद टायर हादरे गिळतो, आणि त्या हादऱ्यांत जाणारी ताकद शेवटी आपल्याच पायांची असते. शर्यतीतली मंडळी 23 मिमी रुंद टायरवरून 25 वर, मग 28 वर आणि त्याहीपुढे गेली ती उगाच नाही. रिम बाहेरून टायरपेक्षा निदान 5 टक्के रुंद असावी, म्हणजे टायरवरून येणारा वारा रिमला धरून सरकतो, हेही त्याने सांगितलं. 28 च्या टायरला 29.4 लागते, माझी 30, म्हणजे चोख. हिशोब बरोबरच होता. म्हणूनच पुढचं खोटं मी तपासलं नाही.

आता तो क्षण. त्याने माझ्यासमोर कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत धरून रुंदी मोजायचं साधन, लावला आणि आकडा दाखवला, 30.1. मी आकडा पाहिला. कॅलिपरचे जबडे कुठे टेकलेत ते पाहिलं नाही. ते टायरला टेकले होते! टायर चढवलेला, हवा भरलेली, आणि जबडे रबरावर. मी अर्ध्या हातावर उभा होतो. रबर किंचित आत दबलेलं मला दिसलं, खरंच दिसलं, आणि मी काही बोललो नाही. रात्री अजूनही तेच डोळ्यांसमोर येतं. टायर 28 चा आहे असं तो म्हणाला होता. घरी आल्यावर टायरच्या कडेवर वाचलं, 30-622, म्हणजे रुंदी 30 मिमी. 23 च्या रिमवर 30 चा टायर म्हणजे दोन्ही बाजूंनी फुगलेला गोळा, वारा त्याच्या मागे फाटणार, आणि 50 मिमी खोल रिमचा वारा कापायचा फायदा तिथेच बराचसा संपतो.

दुसरी खूणही होती. रिम हुकलेस आहे, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली आकड्यासारखी कड तिला नाही, असं म्हणाला आणि लगेच 7 बार (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली. हुकलेस रिमला 5 बारच्या वर हवा भरायची नसते, टायर निसटून माणूस तोंडावर आपटतो. हे मला माहीत होतं. पण समोरचा इतका ठामपणे पंप मारत होता की मी स्वतःच्याच माहितीवर शंका घेतली.

चाचणी एकाच दिशेने घेऊ देऊ नका. त्याने माझी जुनी चाकं जाताना चालवायला लावली, नवी येताना. येताना वारा पाठीशी होता. आणि ताशी 30 किलोमीटरवरून 34 चा वेग म्हणजे नुसत्या वाऱ्याशी झगडायला सुमारे 45 टक्के जास्त ताकद. हे कोणत्याही रिममधून मिळत नाही. चाकाचा एक ग्रॅम फ्रेमच्या दहा ग्रॅमांएवढा, असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. वेग घेताना तो जेमतेम दुप्पट मोजला जातो, एकसारख्या वेगात तेवढाही नाही.

तक्रारीचं सांगतो, कारण राग तिथे जास्त आलाय. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, मंजुरीही तुमचीच. पोलीस चौकीत विचारलं, "चाक फिरतंय ना?" फिरतंय म्हटल्यावर वही मिटली. ग्राहक तक्रार कक्षात सात खेपा झाल्या. पहिल्या खेपेला पावती मागितली, दिली. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पावतीवर "चाकजोडी" एवढंच आहे, रुंदी कुठे आहे? संदेशांतून रुंदी दाखवली, तर ते छापून, सही करून आणा. आणले. मग कार्बन नसल्याचा प्रयोगशाळेचा दाखला हवा. मी कवच उचकटून खालचं अ‍ॅल्युमिनियम टेबलावर दाखवलं, तर साहेब म्हणाले, आता वस्तू तुम्हीच मोडलीत! सातव्या खेपेला तो अधिकारीच बदलला होता, आणि नव्याने पुन्हा पावतीपासून सुरुवात केली. जाहिरात जिथे होती त्यांनी तर उत्तरच दिलं नाही. 41 दिवस गेले. 17 आणि 21 मधला फरक मोजायला एक पट्टी पुरते, पण एकानेही ती हातात घेतली नाही.

पावतीवर आतली रुंदी, बाहेरची रुंदी आणि वजन लिहून घ्याच. शेवटचा हप्ता मोजमापानंतर. आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळ स्टिकर असेल तर तिथल्या तिथे सोलायला सांगा. माझ्या रिमवर त्या स्टिकरखाली 622×17, म्हणजे आतली रुंदी 17, असं स्पष्ट कोरलेलं होतं.