ऑडॅसिटी २.४ की ३? घरी भजनं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

पंचवटीतल्या वाड्यात पेटी-तबल्यावर भजन रेकॉर्ड करायचं, तर मधेच देवळातली घंटा वाजणार, गल्लीतून रिक्षा जाणार. त्यामुळे काटछाट आलीच. माझ्या मते ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या (२.४) आणि नव्या (३) आवृत्तीतला खरा फरक इथेच कळतो.

२.४ मध्ये कापलेला तुकडा गेला तो गेलाच. अनडू आहे, पण प्रोजेक्ट बंद केला की तेही संपतं. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१ पासून क्लिपची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या तुकड्याची, कड ओढून छाटता येते आणि छाटलेला आवाज आत शाबूत राहतो. महिन्याने वाटलं की आलापाचा शेवट जास्तच कापला गेलाय, तर कड परत ओढायची! ३.२ मध्ये इफेक्टही तसेच झाले. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) ट्रॅकवर लावून गाणं चालू असतानाच कमी-जास्त करा. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. गायकाला शेजारी बसवून मिक्स करताना हे फार मोलाचं आहे.

जुन्यात प्रोजेक्टची फाइल वेगळी आणि डेटाचं फोल्डर वेगळं. पेनड्राइव्हवर एकच कॉपी केलं की आवाज गायब. ३.० पासून सगळं एकाच फाइलीत असतं.

मात्र नव्यात सेव्ह केलेलं २.४ मध्ये उघडत नाही. जोडीदाराकडे जुनी आवृत्ती असेल तर त्याला वेव्ह (WAV) ही साधी ऑडिओ फाइल काढून द्या. लॅपटॉप जुना असेल तर चालू इफेक्ट मोजकेच ठेवा.

तरी मी ३ च घ्या म्हणेन, फक्त हातातलं रेकॉर्डिंग पुरं करून.