फरशीखालच्या हीटिंगचा नियंत्रक: सात महिन्यांच्या वापरानंतर

फरशीखाली गरम पाण्याच्या पाइपांची हीटिंग यंत्रणा बसवली, त्या पहिल्या हिवाळ्यात आमची तक्रार थंडीची नव्हती, उकाड्याची होती. थर्मोस्टॅटवर २० अंश लावलेले असत आणि दुपारपर्यंत खोली साडेतेवीस अंशांवर गेलेली असे. खिडक्या उघडून ती कशीबशी खाली आणावी, तर संध्याकाळी हुडहुडी भरायची, कारण तोवर फरशी पुरती निवलेली असायची आणि ती पुन्हा तापेपर्यंत झोपायची वेळ होत असे. यावर उपाय म्हणून, बाहेरच्या हवेच्या तापमानानुसार पाइपांतील पाण्याचे तापमान ठरवणारा नियंत्रक आणि त्याच्या जोडीला मोटरवर चालणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परतीचे निवलेले पाणी मिसळणारी झडप) घेतला. त्याला आता सात महिने झाले असून एक अख्खा हिवाळा त्यावर काढला आहे.

नियंत्रकाबद्दल लिहिण्यापूर्वी दुखण्याचे मूळ सांगणे भाग आहे. थर्मोस्टॅट तापमान मोजतो ते हवेचे, परंतु उष्णता साठते ती कोब्यात. आमच्या पाइपांवर ६५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा कोबा आहे, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १३० किलो वजन. ते एका अंशाने तापवण्यासाठी साधारण ३५ वॅट-तास उष्णता लागते. वीस चौरस मीटरच्या खोलीत हा हिशेब ७०० वॅट-तासांवर जातो, तर त्याच खोलीतल्या सगळ्या हवेला एका अंशासाठी जेमतेम १७ वॅट-तास पुरतात. भिंती आणि सामानसुमान बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्षातला फरक इतका टोकाचा जाणवत नाही, एवढेच. हवा २० अंशांवर पोचताच थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंद करतो खरा, पण कोब्यात मुरलेली उष्णता वर येतच राहते. व्हॉल्व्ह मिटल्यानंतरही आमची खोली जवळजवळ तीन तास तापत राहायची.

नियंत्रकाआधी मी केवळ थर्मोस्टॅट बदलून पाहिला होता. नवा थर्मोस्टॅट, तापमान ठरलेल्या आकड्याजवळ येऊ लागले की व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा आणि थोडा वेळ बंद ठेवणारा होता. त्याने साडेतीन अंशांचा अतिरेक दोन अंशांवर आणला, पुढे मात्र त्याची मात्रा चालेना. पाइपांत ४५ अंशांचे पाणी सोडायचे आणि मग ते अडवण्याचे काम थर्मोस्टॅटवर टाकायचे, ही मांडणीच मुळात चुकीची होती, हे मला उशिरा उमगले.

नव्या संचाचा खरा गुण इथेच आहे: पाणी गरजेपुरतेच गरम केले जाते आणि जवळपास अखंड फिरत राहते. बाहेरचे तापमान एका अंशाने उतरले की पाणी किती अंशांनी वाढवायचे, हे नियंत्रकाच्या वक्राच्या (बाहेरच्या तापमानाला पाणी किती गरम हवे ते दाखवणाऱ्या रेषेच्या) उतारावरून ठरते. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने तो उतार ०.८ वर ठेवला आणि तो निघून गेला. बाहेर शून्य अंश असताना त्या हिशेबाने पाणी ३६ अंशांचे येई आणि खोली तरीही तापे. मग मी उतार दर खेपेस ०.१ ने कमी करत गेलो आणि प्रत्येक बदलानंतर किमान दोन दिवस कशालाही हात लावला नाही, कारण कोब्याचे उत्तर त्याच दिवशी मिळत नाही. अखेर ०.५ वर घडी बसली. आता शून्य अंशाला पाणी ३० अंशांचे असते आणि खोली साडेएकोणीस ते साडेवीसच्या दरम्यान राहते.

कमी गरम पाण्याचा आणखी एक फायदा मला नियंत्रकापेक्षाही मोलाचा वाटतो. फरशी खोलीपेक्षा ४ अंशांनी गरम असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट उष्णता खोलीला मिळते. खोली कोणत्याही कारणाने एका अंशाने वर गेली की हा फरक ३ अंशांवर येतो आणि उष्णता ३० वॅटवर, म्हणजे थेट पाव हिश्श्याने घटते. फरशी ९ अंशांनी गरम असताना मात्र १०० वॅट मिळतात आणि खोली एका अंशाने वाढल्यावर त्यांतले फार तर बारा कमी होतात. कोमट फरशी स्वतःला आवरते. कडक तापलेल्या फरशीला आवरायला दुसरे कोणीतरी लागते.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. बाहेरचा सेन्सर सकाळचे कोवळे ऊन पडणाऱ्या भिंतीवर बसवला गेला होता, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही तो बाहेर ऊबदार हवा असल्याचे कळवत असे आणि नियंत्रक इमानेइतबारे पाणी थंड करीत असे. दोन आठवडे मी वक्रालाच दोष देत होतो. सेन्सर सावलीतल्या भिंतीवर हलवताच तक्रार मिटली. रात्री तापमान उतरवण्याची सोय कारखान्यातूनच चालू केलेली येते, ती मी बंद केली. जाड कोबा रात्रीत फारसा निवत नाही आणि पहाटे त्याला पुन्हा चढवण्यासाठी नियंत्रक जोरात पाणी सोडतो, की दुपारी जुने दुखणे परत हजर. याच कारणाने थर्मोस्टॅटचा आकडाही मी एकदम दोन-तीन अंशांनी वाढवत नाही. लाकडी फरशीच्या खोलीत पृष्ठभागासाठी २७ अंशांची मर्यादा घालणारा वेगळा सेन्सर आहे; या हिवाळ्यात त्याच्यावर हस्तक्षेपाची वेळ आली नाही.

मोठ्या खिडकीच्या खोलीत मात्र हा संच अपुरा पडतो. बाहेर थंडी आणि खिडकीतून लख्ख ऊन असले की बाहेरच्या सेन्सरला खोलीतल्या उन्हाचा पत्ता नसतो आणि तिथे अजूनही दीड अंशाचा अतिरेक होतो. उन्हाचा अंदाज घेऊन पहाटेच पाणी कमी करण्याची सोय या नियंत्रकात नाही, आणि त्या खोलीतले जाड जाजम कोब्याची उष्णता अडवून सगळेच आणखी लांबवत होते. जाजम काढले आहे, आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे खोल्याखोल्यांच्या पाइपांना पाणी वाटून देणाऱ्या जोडणीवर, त्या खोलीच्या पाइपांचा प्रवाह मिनिटाला २ लिटरवरून दीड लिटरवर आणला आहे. ढगाळ दिवशी ती खोली आता अर्ध्या अंशाने गार वाटते, पण उन्हाच्या दिवशी खिडकी उघडावी लागत नाही. म्हणून तूर्तास प्रवाह तसाच ठेवला आहे.